चिचीला कुणी विचारलं?

करंजाखाली पिकप.
पिकपमध्ये सीट.
सीटमध्ये भोक.
भोकात कोण?
भोकात चिची!

चिची म्हणजे चिचुंद्री. एवढीशी. अंग मऊ मऊ. नाक लांब लांब. चालली की तुरुतुरु. बोलली की चूं चूं.

चिचीला पिल्लं होती. बाहेर जाताना पहिलं पिल्लू आईची शेपटी तोंडात धरी. दुसरं पहिल्याची शेपटी धरी. तिसरं दुसऱ्याची. आणि सगळ्यात मागं धाकटं. अशी निघे पिल्लांची आगगाडी. तुरुतुरु, तुरुतुरु.

पिकप होती आबांची. निळी निळी. आबा तिच्यातून पेरू घेऊन बाजाराला जायचे. घुर्रर्र... पों पों! मग आबा म्हातारे झाले. पिकपही म्हातारी झाली. करंजाखाली उभी राहिली ती राहिलीच. चाकांत गवत वाढलं. आरशावर बुलबुल बसू लागला.

आबा रोज खाटेवर बसत. कोंबडीला ज्वारी टाकत. पिकपकडे बघत. पिकपची किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात होती. अधूनमधून खिशाला हात लावत. आहे ना? आहे.

एक दिवस आबांची लेक आली. द्वारकाताई तिचं नाव. बरोबर हमीद मिस्त्री. मिस्त्रींच्या हातात हत्यारांची पेटी. खळखळ, खळखळ!

"आबा, तुम्ही आपले बसा खाटेवर," द्वारकाताई म्हणाली. "हात काळे करू नका. आम्ही पिकप दुरुस्त करतो. रंगवतो. घरात कायमची ठेवतो. आबांची आठवण!"

"आठवण?" आबा म्हणाले. "अगं, मी इथं बसलोय की!"

पण ठोकाठोकी सुरू झाली होती. ठाक! ठाक! ठाक! आबांचं कुणी ऐकलंच नाही.

"धरा हो हमीदभाई, सीट काढू," द्वारकाताई म्हणाली.

"धरली, ताई. हं, उचला!"

सीट हलली. सीट डुलली. भोकातून चिची पडली. टप्प! पिल्लं पडली. टप, टप, टप! आणि मागून धाकटं. टुप!

सीट गेली अंगणात. धप्प! पालथी पडली. भोक गेलं खाली. चिचीचं दार बंद!

वर ऊन. खाली मुंग्या. पिल्लांची तर झोपेची वेळ.

"आई, मला झोप आली," धाकटं म्हणालं.

चिचीच्या मिश्या थरथरल्या. चिचीचं नाक लालेलाल झालं.

"माझं घर उचललं! माझं घर फेकलं! मला कुणी विचारलं? नाही विचारलं!"

तिनं शेपटी ताठ केली. पिल्लांनी शेपटी धरली. निघाली आगगाडी. तुरुतुरु, तुरुतुरु.

चिची गेली सीटकडे.

"सीटबाई, सीटबाई, जागेवर जा ना!
माझ्या पिल्लांनी निजायचं कुठं?"

सीट म्हणाली, "मी नाही जाणार जा! माझं पोट फाटलंय. आतला काथ्या बाहेर आलाय. आणि मला आपटलं कसं, बघितलंस ना? मला कुणी विचारलं? दाभण मला शिवत नाही, तोवर मी जागेवर जाणार नाही!"

"बरोबर आहे तुझं," चिची म्हणाली. "पण माझंही बरोबर आहे!"

चिची निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

दाभण म्हणजे मोठ्ठी सुई. पोती शिवायची. तो भिंतीला टोचून ठेवला होता. सगळे त्याला दाभणदादा म्हणत.

"दाभणदादा, दाभणदादा, सीट शिव ना!
सीट जागेवर जाईना,
माझ्या पिल्लांनी निजायचं कुठं?"

दाभणदादा म्हणाला, "मी नाही शिवणार जा! मला गंज चढलाय. किती पावसाळे भिंतीला टोचून उभा आहे मी! मला कुणी विचारलं? तेल मला लागत नाही, तोवर मी शिवणार नाही!"

"आई, मला झोप आली," धाकटं म्हणालं.

"शेपटी सोडून बोलू नकोस!" चिची म्हणाली. "हरवशील!"

धाकट्यानं पटकन शेपटी धरली. निघाली आगगाडी. तुरुतुरु, तुरुतुरु.

तेल होतं डब्यात. डबा होता ओट्यावर.

"तेलोबा, तेलोबा, दाभणाला लाग ना!
दाभण सीट शिवेना,
सीट जागेवर जाईना,
माझ्या पिल्लांनी निजायचं कुठं?"

डब्यातून आवाज आला. बुडुक बुडुक!

"मी नाही लागणार जा! झाकण घट्ट बसलंय. इथं अंधार अंधार. इथं गरम गरम. कोंडताना मला कुणी विचारलं? पक्कड झाकण काढत नाही, तोवर मी बाहेर येणार नाही!"

चिचीचं नाक आणखी लाल झालं.

"कुणालाच कुणी विचारत नाही! काय घर आहे की काय आहे हे!"

तुरुतुरु, तुरुतुरु. चिची गेली हत्यारांच्या पेटीकडे. पेटीत होती पक्कड. दोन पायांची. एका जबड्याची. पण दिसेल कशी? तिच्यावर कोंबडी बसली होती! अंग फुगवून. डोळे मिटून.

चिचीनं कोंबडीच्या पिसांखाली नाक घातलं.

"पक्कडमावशी, पक्कडमावशी, झाकण काढ ना!
तेल दाभणाला लागेना,
दाभण सीट शिवेना,
सीट जागेवर जाईना,
माझ्या पिल्लांनी निजायचं कुठं?"

पिसांखालून पक्कड कुरकुरली. कर्र कर्र!

"मी नाही काढणार जा! मी निघू तरी कशी? ही बया बसलीय अंगावर! माझी काय उशी आहे? बसताना मला विचारलं का? कोंबडी उठत नाही, तोवर मी झाकण काढणार नाही!"

"बया कुणाला म्हणतेस गं?" कोंबडी म्हणाली. पण डोळे मिटूनच.

चिची पेटीच्या कडेवर चढली. पिल्लंही चढली. धाकटं लोंबकळत राहिलं.

"कोंबडीकाकू, कोंबडीकाकू, ऊठ ना!
पक्कड झाकण काढेना,
तेल दाभणाला लागेना,
दाभण सीट शिवेना,
सीट जागेवर जाईना,
माझ्या पिल्लांनी निजायचं कुठं?"

कोंबडीनं एक डोळा उघडला. क्वॉक!

"मी नाही उठणार जा! माझ्या ज्वारीची वेळ झाली. गेलीसुद्धा! आबा रोज दाणे टाकतात. आज नाही टाकले. मी उपाशी की तापाशी, मला कुणी विचारलं? आबा दाणे टाकत नाहीत, तोवर मी उठणार नाही!"

आणि कोंबडीनं डोळा मिटून घेतला. टिक!

"आई, मला झोप आली," धाकटं म्हणालं.

या वेळी चिची रागावली नाही. तिनं धाकट्याला नाकानं कुरवाळलं. मग नाक वर केलं.

"आबांकडे जायचं," ती म्हणाली. "आता आबांनाच विचारते!"

आबा म्हणजे माणूस. माणसं चिचुंद्रीला बघून नाक धरतात. माणसं चिचुंद्रीला झाडू मारतात. चिचीला भीती वाटली. थोडी वाटली. पण राग मोठा होता. भीती छोटी होती.

तुरुतुरु, तुरुतुरु. चिची गेली खाटेकडे. खाटेच्या पायावरून वर चढली. आबांच्या गुडघ्याशी उभी राहिली.

"आबा, आबा, दाणे टाका ना!
कोंबडी उठेना,
पक्कड झाकण काढेना,
तेल दाभणाला लागेना,
दाभण सीट शिवेना,
सीट जागेवर जाईना,
माझ्या पिल्लांनी निजायचं कुठं?"

आबांनी नाक धरलं नाही. आबांनी झाडू घेतला नाही. त्यांनी तोंड फिरवलं. भिंतीकडे.

"मी नाही टाकणार जा!" आबा म्हणाले. "आज मी रुसलोय."

"रुसलाय? तुम्ही?"

"मग काय! पिकप माझी. काढलेली सीट माझी. ती ठाकठूक माझ्या पिकपवर. मला कुणी विचारलं? म्हणे, आबा, बसा खाटेवर! म्हणे, आबांची आठवण! मी इथं जिता जागता बसलोय. किल्ली माझ्या खिशात आहे. बघतोच कशी सुरू करतात ती! द्वारकी येऊन मला विचारत नाही, तोवर मी खाटेवरून उठणार नाही!"

चिचीनं मान हलवली.

"मला पण नाही विचारलं," ती म्हणाली.

आबांनी हळूच तोंड वळवलं. चिचीकडे बघितलं. पिल्लांकडे बघितलं.

"तुला पण नाही?"

"मला पण नाही!"

"अरे, हे काय बरं आहे?" आबा म्हणाले.

"मुळीच बरं नाही!" चिची म्हणाली. आणि खाटेवरून खाली उतरली.

तुरुतुरु! तुरुतुरु! तुरुतुरु! आता चिची तापली होती. एवढी तापली, की पिल्लांची आगगाडी मागं उडत होती.

पिकपखालून दोन पाय दिसत होते. ते द्वारकाताईचे. ती उताणी पडून काहीतरी ठोकत होती. ठाक! ठाक! ठाक!

चिची पिकपखाली गेली. द्वारकाताईच्या नाकाजवळ गेली.

"ई!" द्वारकाताई ओरडली. "चिचुंद्री! हमीदभाई, चप्पल आणा, चप्पल!"

चिचुंद्री म्हटली की पळते. सगळ्या चिचुंद्र्या पळतात. चिची पळाली नाही. मागच्या पायांवर उभी राहिली. नाक लालेलाल. मिश्या थरथर. आणि एवढ्या मोठ्यांदा बोलली, एवढ्या मोठ्यांदा बोलली, की आरशावरचा बुलबुल उडाला.

"द्वारकाताई, द्वारकाताई, आबांना विचारा ना!
आबा दाणे टाकेनात,
कोंबडी उठेना,
पक्कड झाकण काढेना,
तेल दाभणाला लागेना,
दाभण सीट शिवेना,
सीट जागेवर जाईना,
माझ्या पिल्लांनी निजायचं कुठं?
आबांना कुणी विचारलं? नाही विचारलं!
मला कुणी विचारलं? नाही विचारलं!"

ठाक ठाक थांबलं.

द्वारकाताई सरपटत बाहेर आली. तिच्या गालाला काळं लागलं होतं.

"हमीदभाई," ती म्हणाली, "आपण आबांना विचारलं का हो?"

हमीद मिस्त्रींच्या हातात चप्पल होती. त्यांनी ती खाली ठेवली. "मला वाटलं, तुम्ही विचारलंत, ताई."

"मला वाटलं, विचारायचं काय त्यात? त्यांचीच तर पिकप!"

"त्यांचीच पिकप!" चिची म्हणाली. "म्हणून त्यांनाच विचारायचं!"

द्वारकाताई खाटेकडे गेली. खाटेच्या कडेवर बसली. आबा भिंतीकडे बघत होते.

"आबा."

आबांनी खिशातली किल्ली चाचपली.

"आबा, चुकलं माझं. विचारायचं राहिलं."

"काय विचारायचं राहिलं?" आबा भिंतीला म्हणाले.

"तुमची पिकप दुरुस्त करू का?"

"रंग कोणता आणलायस?"

"लाल."

"लाल?" आबा गर्रकन वळले. "अगं, ती काय नवरी आहे? निळी पिकप ती. निळीच राहील!"

"बरं. निळा आणते."

"आणि आठवण म्हणायचं नाही. मी इथं आहे."

"नाही म्हणत, आबा. तुम्ही इथं आहात."

आबा हसले. आधी मिशीत हसले. मग तोंडभर हसले. आणि खाटेवरून उठले.

मग काय झालं?

द्वारकाताईनं विचारलं.
आबांनी दाणे टाकले. सर्रर्र!
कोंबडी उठली. टुणकन!
पकडीनं झाकण काढलं. टप्प!
तेल दाभणाला लागलं. सुळुक सुळुक!
आबांनी पालथी सीट सुलटी केली. दाभण सीट शिवू लागला. खचक, खचक, खचक!

काथ्या आत गेला. पोट शिवलं गेलं. खचक, खचक! दाभणदादाला भारी जोर चढला. तो पुढं निघाला. कोपऱ्याकडे निघाला. कोपऱ्यात होतं छोटंसं भोक. चिचीचं भोक!

"आई!" धाकटं ओरडलं. शेपटी सोडून ओरडलं. "आपलं दार!"

चिची धावली. भोकाच्या तोंडाशी उभी राहिली.

"थांब! थांब! मला विचारलं?"

दाभणदादा हवेतच थांबला.

आबा खाली वाकले. "बरोबर आहे हिचं," ते म्हणाले. "हिची आजी याच भोकात राहायची. मी बाजाराला निघालो की चूं चूं करायची. माझ्याशेजारी बसून यायची. पिकप जशी माझी, तशी हिचीपण. द्वारके, मला विचारलंस ना? आता हिला विचार."

द्वारकाताईनं नाक धरायला हात वर नेला. मग खाली आणला. ती चिचीसमोर उकिडवी बसली.

"चिचीबाई," ती म्हणाली, "दार कुठं ठेवू?"

चिचीचं नाक हळूहळू गुलाबी झालं. तिनं इकडे बघितलं. तिकडे बघितलं. जणू पहिल्यांदाच बघतेय.

"इथंच," ती म्हणाली. "कोपऱ्यात. जरा मोठं चालेल. पिल्लं वाढतात."

दाभणदादानं भोकाभोवती गोल टाके घातले. खचक, खचक. झालं सुंदर दार!

सीट जागेवर गेली. आपटली नाही. अलगद गेली. चिची आत गेली. पिल्लं आत गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. काथ्या मऊ मऊ. अंधार गोड गोड.

पिकप निळी निळी झाली. चाकांतलं गवत गेलं. एक दिवस आबांनी बंडीच्या खिशात हात घातला. किल्ली काढली.

"द्वारके, घे. तू चालव. मी शेजारी बसतो."

"मी? आबा, किल्ली माझ्याकडेच ठेवू?"

"आता विचारतेयस, तर ठेव!"

द्वारकाताईनं किल्ली फिरवली. खुर्र... खुर्र... फुस्स!

पुन्हा फिरवली. खुर्र... खुर्र... घुर्रर्रर्र!

हमीद मिस्त्रींनी टाळी वाजवली. कोंबडी बाजूला पळाली. हॉर्न वाजला. पों पों!

पण पिकप हलली नाही.

"का गं थांबलीस?" आबांनी विचारलं.

"एक विचारायचं राहिलंय," द्वारकाताई म्हणाली. ती सीटच्या कोपऱ्याकडे वाकली. हळूच बोलली. "चिचीबाई, निघू का?"

भोकातून लांब लांब नाक बाहेर आलं.

"चूं! निघा. पण हॉर्न हळू वाजवा. धाकटं आत्ताच निजलंय."

पिकप निघाली. घुर्रर्र... हळू... हळू... हळू.

करंजाखाली सावली.
सावलीत खाट.
पिकप गेली बाजाराला,
गोष्ट आली घराला.
आता माझ्या बाळा, डोळे मिटायचे का?
बघ हं, मी विचारलं!